विरोधी मताच्या माणसाला ‘मतदानाला जा’ असे सांगावे का?

प्रश्न असा आहे: तुमच्या जवळच्या एका व्यक्तीचे मत तुमच्या विरोधी पक्षाला जाणार, हे तुम्हाला जवळपास खात्रीने ठाऊक आहे. ती व्यक्ती या वेळी मतदानाला जायचा कंटाळा करते आहे. तिला ‘जा, मत दे’ असे आवर्जून सांगावे की गप्प राहावे, आणि सांगितले तर ज्या पक्षासाठी आपण राबतो त्याचेच आपण नुकसान करतो का? मी अनेक वर्षे मतदार नोंदणी आणि मतदानवाढीच्या कामात आहे. त्यातली काही वर्षे पक्षांच्या प्रचारात गेली, बरीचशी पक्षनिरपेक्ष मोहिमांत, आणि कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणात हा प्रश्न कोणी ना कोणी विचारतोच. माझे उत्तर ‘सांगावे’ असे आहे. मात्र प्रचारप्रमुख, स्वयंसेवक, मित्र आणि शेजारी या चौघांवर ते सारखेच बंधनकारक नाही, म्हणून ते कोणाला किती लागू होते हे नीट उलगडावे लागेल.

या प्रश्नात तीन निरनिराळ्या कृती एकमेकींत मिसळतात. विरोधकाला मतदानापासून रोखणे ही एक. त्याच्यावर आपला वेळ, पैसा आणि माणसे खर्च न करणे ही दुसरी. आणि आपल्या ओळखीच्या, आपल्यासमोर बसलेल्या माणसाला मतदान कर असे मनापासून सांगणे ही तिसरी. पहिली कृती कोणत्याही परिस्थितीत अयोग्य आहे. दुसरी पूर्णपणे वाजवी आहे. तिसरी करावी, असे माझे मत आहे. वाद चिघळतो तो दुसरीच्या आडून पहिली केली जाते तेव्हा, किंवा दुसरीला दिलेली मुभा तिसरीलाही लागू आहे असे आपण स्वतःला समजावतो तेव्हा.

दुसऱ्या कृतीपासून सुरुवात करतो, कारण प्रचारातल्या लोकांचा खरा पेच तिथे असतो. प्रचाराच्या शेवटच्या टप्प्यात कार्यकर्त्याच्या हातात मतदार यादी असते आणि तिच्यावर नावानावापुढे खुणा असतात: आपले, त्यांचे, काठावरचे. मतदानाच्या दिवशी दुपारपर्यंत कोणाचे मत पडले नाही हे पाहून ‘आपल्या’ लोकांना फोन केले जातात, घरी जाऊन आठवण दिली जाते. ‘त्यांच्या’ लोकांच्या दारावर कोणी जात नाही. यात अनैतिक काही नाही. पक्ष ही स्वेच्छेने एकत्र आलेल्या लोकांची संघटना आहे, तिची साधने मर्यादित आहेत, आणि समोरची संघटना हेच काम तिच्या मतदारांसाठी करत असते. दोन्ही बाजूंनी आपापल्या समर्थकांना बाहेर काढणे ही स्पर्धात्मक निवडणुकीची साधी रचना आहे. विरोधी मतदारांना घरोघरी जाऊन उठवण्याचे कर्तव्य मी कोणत्याही प्रचारप्रमुखावर लादणार नाही.

परंतु या मुभेला एक सीमा आहे, आणि ती दारातच लागते. स्वयंसेवक एका इमारतीत ‘आपल्या’ घराची बेल वाजवतो. समोरच्या घराचे दार उघडते आणि यादीत ज्यांच्या नावापुढे ‘त्यांचे’ अशी खूण आहे त्या बाई विचारतात, ‘आमचे मतदान केंद्र बदलले म्हणे, आता कुठे जायचे?’ स्वयंसेवकाच्या हातातल्या यादीत त्यांचा भाग क्रमांक, अनुक्रमांक आणि केंद्राचा पत्ता हे सगळे आहे. तो ‘मला कल्पना नाही’ म्हणाला, तर ते साधने वाचवणे राहत नाही. उत्तर द्यायला दहा सेकंद लागतात, आणि ती दहा सेकंदे केवळ बाईंचे मत आपल्याला नको म्हणून नाकारलेली असतात. मी प्रशिक्षणात हा प्रसंग आवर्जून सांगतो आणि नियमही स्पष्ट देतो: विचारले तर सांगायचे, खरे सांगायचे, पूर्ण सांगायचे, आणि सांगताना आपल्या उमेदवाराचे नाव मध्ये आणायचे नाही. हा नियम पाळणाऱ्या पथकाची कुठे नाचक्की झालेली मी पाहिली नाही. न पाळणाऱ्यांची मात्र होते, कारण अशी गोष्ट इमारतीतल्या सगळ्या घरांत पोहोचते.

माहिती दडवण्यापासून खोटी माहिती देण्यापर्यंतचे अंतर वाटते त्याहून कमी असते. कॅनडातील २०११ च्या सार्वत्रिक निवडणुकीत ग्वेल्फ मतदारसंघात हजारो मतदारांना मतदानाच्या दिवशी ध्वनिमुद्रित फोन गेले. फोन निवडणूक यंत्रणेकडून आल्याचे भासवले होते आणि तुमचे मतदान केंद्र हलवले आहे असे त्यात सांगितले होते. केंद्र हलवलेले नव्हते. या प्रकरणात प्रचारातल्या एका तरुण कार्यकर्त्याला २०१४ मध्ये दोषी ठरवून नऊ महिन्यांच्या कारावासाची शिक्षा झाली. त्याच्या मनात नेमके काय होते हे मला सांगता येणार नाही, पण ‘त्यांचे मतदार घरी राहिले तर बरे’ हे वाक्य प्रचार कार्यालयात रोज सहज बोलले जाऊ लागले की कोणीतरी तरुण, उत्साही माणूस ते कृतीत उतरवतो, याची भीती मला नेहमी वाटते. म्हणून ज्येष्ठांनी ते वाक्य कार्यालयात बोलूच नये.

रोखण्याचा आणखी एक प्रकार आहे. तो कायद्याच्या कक्षेत येत नाही, म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष होते. विरोधी पक्षाचा समर्थक आपल्या पक्षावर नाराज आहे, हे ओळखून त्याला ‘सगळे सारखेच, कोण येऊन काय फरक पडतो?’ असे म्हणायचे. बोलणाऱ्याचा स्वतःचा त्या वाक्यावर काडीचा विश्वास नसतो. फरक पडतो असे वाटते म्हणून तर तो प्रचारात असतो. समोरच्याच्या मनातली निराशा वाढावी आणि त्याने घरी बसावे, एवढ्यासाठीच तो ते म्हणतो. मी याला खोटेपणाच मानतो. नाराज माणसाला ‘या वेळी आम्हाला मत द्या’ असे सांगणे प्रामाणिक आहे. त्याला मुळात मतदानातच अर्थ नाही असे पटवणे अप्रामाणिक आहे, आणि ही निराशा एका निवडणुकीपुरती राहत नाही. मतदान करणे आणि न करणे या दोन्हींची सवय लागते. एकदा सुटलेला मतदार पुढच्या वेळी आपोआप परत येत नाही, आणि तोवर कदाचित तो आपल्या बाजूला झुकलेला असतो.

आता हिशेबाचा भाग, कारण प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात तोच बोचत असतो. तुम्ही एका विरोधी मतदाराला मतदानाला पाठवले तर तुमच्या पक्षाच्या विरोधात एक मत वाढते, हे खरे आहे आणि ते शब्दांनी झाकण्यात अर्थ नाही. ‘एका मताने काय होते’ असे म्हणून सुटकाही करून घेता येत नाही, कारण ज्या तोंडाने आपण आपल्या समर्थकांना एकेक मत मोलाचे असल्याचे सांगतो, त्याच तोंडाने विरोधकाच्या बाबतीत ते कवडीमोल ठरवता येणार नाही. एका मताचे निकाल लागतात. राजस्थानच्या २००८ च्या विधानसभा निवडणुकीत नाथद्वारा मतदारसंघात काँग्रेसचे तत्कालीन प्रदेशाध्यक्ष सी. पी. जोशी एका मताने हरले. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याच्या प्रतिनिधीगृहाच्या २०१७ च्या निवडणुकीत एका मतदारसंघात दोन्ही उमेदवारांची मते ११,६०८ अशी समसमान निघाली, आणि जानेवारी २०१८ मध्ये चिठ्ठी उचलून निकाल लावावा लागला. त्या निकालावर सभागृहातील बहुमत अवलंबून होते.

असे निकाल अत्यंत दुर्मीळ असतात हेही तितकेच खरे. तरी माझे उत्तर त्या दुर्मीळतेवर उभे नाही. उद्या कोणी मला खात्रीने सांगितले की नेमके या मित्राचेच मत निर्णायक ठरणार आहे, तरी मी त्याला केंद्राचा पत्ता चुकीचा सांगणार नाही, आणि तो ‘जाऊ का?’ म्हणून विचारेल तर ‘नको’ असेही म्हणणार नाही. याचे कारण आपण जिंकतो म्हणजे नेमके काय मिळवतो, यात आहे. निवडणूक जिंकून आपल्याला फक्त आपल्या समर्थकांवर राज्य करण्याचा अधिकार मिळत नाही. हरलेल्यांकडून कर घेण्याचा, त्यांच्यावर कायदे लागू करण्याचा, त्यांच्या मुलांच्या शाळा आणि त्यांच्या वस्तीतले रस्ते यांबाबत निर्णय घेण्याचा अधिकारही मिळतो. हरलेल्याने तो मान्य का करावा? कारण त्यालाही विचारले गेले होते, त्याचे मत मोजले गेले होते आणि ते कमी पडले. हे कारण काढून घेतले की विजय फक्त आकड्यापुरता उरतो.

उत्तर आयर्लंडचे उदाहरण इथे मला सर्वांत बोलके वाटते. ८ मार्च १९७३ रोजी तिथे सार्वमत झाले: ब्रिटनमध्ये राहायचे की आयर्लंडच्या प्रजासत्ताकात सामील व्हायचे? आयर्लंडमध्ये सामील होऊ पाहणाऱ्या राष्ट्रवादी पक्षांनी बहिष्कार पुकारला आणि त्यांचे बहुतेक मतदार घरी राहिले. सुमारे ५८.७ टक्के मतदान झाले आणि त्यातल्या ९८.९ टक्के लोकांनी ब्रिटनच्या बाजूने कौल दिला. कोणत्याही प्रचारप्रमुखाला असा निकाल स्वप्नातही मिळत नाही, आणि तरीही त्या निकालाने काहीही मिटले नाही. ज्यांचे मन वळवायचे होते त्यांनी आकड्याकडे पाहिलेही नाही, आणि या प्रश्नावरून सुरू असलेला हिंसाचार पुढे कित्येक वर्षे चालू राहिला. २२ मे १९९८ रोजी त्याच प्रदेशात शांतता करारावर सार्वमत झाले. त्या वेळी ८१ टक्क्यांहून अधिक लोकांनी मतदान केले आणि होकार ७१.१ टक्के होता. म्हणजे नकार देणारे जवळजवळ तीस टक्के लोक मतदान केंद्रात आले, त्यांनी ‘नाही’ म्हटले आणि ते मोजले गेले. १९९८ चा होकार १९७३ च्या होकारापेक्षा टक्केवारीत बराच लहान होता, पण त्याच्या आधारावर संस्था उभ्या राहिल्या. करार टिकण्यामागे इतरही पुष्कळ कारणे होती, हे मला मान्य आहे. तरी ७१ टक्क्यांचे वजन ९८.९ टक्क्यांपेक्षा जास्त का पडले, याचे पहिले कारण विरोधकांची हजेरी हेच आहे.

इराकमध्ये हाच अनुभव अधिक कडवटपणे आला. जानेवारी २००५ मध्ये संविधान तयार करणाऱ्या सभेची निवडणूक झाली तेव्हा सुन्नी अरबांनी बहिष्कार आणि भीती या दोन्ही कारणांनी मोठ्या प्रमाणावर मतदान टाळले. अनबार प्रांतात मतदान जेमतेम दोन टक्के झाले. इतर गटांना त्यामुळे सभेत भरघोस जागा मिळाल्या. परंतु एका मोठ्या समुदायाला वगळून लिहिलेले संविधान कोण मानणार, हा प्रश्न लगेच उभा राहिला आणि संविधान समितीत निवडून न आलेले सुन्नी प्रतिनिधी नंतर मुद्दाम सामील करून घ्यावे लागले. मतदान केंद्रात जी माणसे आलेली चालली असती, ती पुढे वाटाघाटीच्या टेबलाशी बोलवावी लागली, आणि तोवर बराच विश्वास गमावून झाला होता. बांगलादेशात जानेवारी २०१४ मध्ये प्रमुख विरोधी पक्षाने बहिष्कार टाकला. ३०० पैकी १५३ जागा बिनविरोध गेल्या, म्हणजे निम्म्याहून अधिक मतदारसंघांत मतदानच झाले नाही. सत्ता हाती राहिली, पण ती कौलाने मिळाली आहे की नाही हा वाद तेव्हापासून तिच्या मागे लागला.

तुम्ही म्हणाल, हे बहिष्कार आहेत, माझा मित्र नुसता आळस करतो आहे. परिणाम नक्कीच वेगळा आहे, तत्त्व मात्र तेच राहते. मतदान न केलेला माणूस निकालानंतर दोन गोष्टी सहज म्हणू शकतो: ‘मला कोणी विचारले नाही’ किंवा ‘मी असल्या फंदात पडत नाही’. दोन्ही वाक्यांनी तो निकालाच्या जबाबदारीतून बाहेर पडतो. मतदान करून हरलेला माणूस चिडतो, टीका करतो, पुढच्या वेळी पाहून घेऊ म्हणतो, म्हणजेच तो पुढच्या निवडणुकीची वाट पाहतो. माझ्या पक्षाची सत्ता आली तर मला अशा विरोधकांमध्ये काम करायला आवडेल.

काही ठिकाणी हा प्रश्न चक्क उलटा होतो. इटलीच्या संविधानाच्या ७५ व्या कलमानुसार एखादा कायदा रद्द करण्यासाठी घेतलेले सार्वमत वैध ठरायला एकूण मतदारांपैकी बहुसंख्यांनी मतदान करावे लागते. अशा ठिकाणी प्रस्तावाच्या विरोधकाने ‘नाही’ असे मत देण्यापेक्षा घरी बसणे फायद्याचे होते, कारण त्याच्या मताने गणसंख्या (म्हणजे किमान आवश्यक मतदान) भरून प्रस्ताव वैध होण्याचा धोका असतो. एप्रिल १९९९ मध्ये तिथल्या निवडणूक पद्धतीवरील सार्वमतात होकार ९१ टक्क्यांच्या आसपास होता, पण मतदान ४९.६ टक्क्यांवर थांबले आणि सारे निष्फळ ठरले. अशा सार्वमतात विरोधकाला ‘मतदानाला जा’ सांगणे म्हणजे त्याला त्याच्या हिताविरुद्ध वागायला सांगणे होऊ शकते. इथे मी सल्ला बदलतो: आधी त्याला नियम समजावून सांगा, अनुपस्थितीचा परिणाम काय होतो ते सांगा आणि निर्णय त्याच्यावर सोडा. गणसंख्येचा नियम लपवून ठेवून ‘नागरिक म्हणून कर्तव्य आहे’ असे म्हणणे ही फसवणूक होईल, मग ती कितीही सभ्य भाषेत केलेली असो.

पुन्हा नेहमीच्या निवडणुकीकडे येतो. फक्त ‘आपल्यांना’ प्रोत्साहन देता येते ही कल्पनाही फारशी खरी नाही. अमेरिकेत न्यू हेवन शहरात १९९८ मध्ये सुमारे तीस हजार मतदारांवर केलेल्या प्रयोगात असे दिसले की समोरासमोर भेटून केलेल्या आवाहनाने मतदान आठ-नऊ टक्के गुणांनी वाढते, फोनचा मात्र फारसा उपयोग होत नाही. त्यानंतर डेन्व्हर आणि मिनिआपोलिस येथे २००२ मध्ये झालेल्या प्रयोगात दोन मतदार असलेल्या घरांत त्यांपैकी एकाशीच बोलले गेले, आणि दार उघडणाऱ्यावर झालेल्या परिणामाचा जवळजवळ साठ टक्के भाग घरातल्या दुसऱ्या व्यक्तीपर्यंत पोहोचला. त्या दुसऱ्या व्यक्तीचे मत कोणाला जाते हे दारात उभ्या असलेल्या कार्यकर्त्याला माहीत नव्हते. मतदान ही बरीचशी सोबतीने होणारी गोष्ट आहे. तुम्ही एका बहिणीला उठवता तेव्हा दुसरीही चपला घालते. विरोधकाच्या मतदानाची अतोनात धास्ती घेणाऱ्याला मग स्वतःच्या समर्थकांनाही निर्धास्तपणे उठवता येणार नाही.

शिवाय मतदान वाढल्याने कोणाचा फायदा होतो, याबद्दलचे आपले अंदाज बरेचदा चुकतात. अमेरिकेत ‘मतदान वाढले की डेमोक्रॅटिक पक्षाला लाभ’ हे कित्येक वर्षे दोन्ही पक्ष गृहीत धरत आले. प्यू रिसर्च सेंटरच्या पाहणीनुसार २०२४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत मतदान न केलेल्यांपैकी ४४ टक्के लोकांची पसंती ट्रम्प यांना होती आणि ४० टक्के लोकांची डेमोक्रॅटिक उमेदवार हॅरिस यांना. म्हणजे सगळे आले असते तरी त्या पक्षाच्या पदरात काही खास पडले नसते. एकेका माणसाच्या बाबतीतही हेच घडते. ज्याला आपण वर्षानुवर्षे ‘त्यांचा’ म्हणून ओळखतो, तो मतदानाला न जाण्याच्या मनःस्थितीत असेल, तर त्याची स्वतःच्या पक्षाशी असलेली गाठ सैल झालेली असण्याचीही शक्यता असते. यादीवरची खूण मागच्या निवडणुकीची असते. या कारणासाठी प्रोत्साहन द्या असे मी म्हणत नाही; तो मग हिशेबाचाच दुसरा प्रकार होईल. पण धास्तीचे ओझे कमी करायला ही माहिती उपयोगी आहे.

दोन मित्रांनी ‘तू जाऊ नकोस, मीही जात नाही, दोघांची मते नाही तरी एकमेकांना छेदतात’ असा करार करणे हा एक लोकप्रिय पर्याय आहे. वरवर तो समंजस वाटतो. कायदेमंडळांत अशी ‘जोडी’ लावण्याची जुनी पद्धत आहे: एका बाजूचा सदस्य गैरहजर असेल तर दुसऱ्या बाजूचा एक सदस्यही मतदान करत नाही. ती तिथे चालते, कारण तिथे एका वेळी एकच प्रश्न असतो, बाजू दोनच असतात आणि कोणी मत दिले याची उघड नोंद होते. आणि तरीही ती मोडते. जुलै २०१८ मध्ये ब्रिटनच्या संसदेत नुकत्याच बाळंत झालेल्या एका विरोधी सदस्येशी ठरलेली जोडी मोडून सत्ताधारी पक्षाच्या पदाधिकाऱ्याने मतदान केले आणि त्यावरून मोठा गदारोळ झाला. सामान्य निवडणुकीत यातली एकही अट लागू नाही. उमेदवार अनेक असतात, काही ठिकाणी एकाच दिवशी अनेक पदांसाठी मत द्यायचे असते, आणि गुप्त मतदानामुळे समोरच्याचे मत खरोखरच तुमच्या मताला छेदणार होते का, हे तुम्हाला कधीच कळत नाही. असा करार कोणी सुचवला तर त्याला उलट सुचवा की आपण दोघे एकत्र जाऊ.

दोन आक्षेप खरोखर वजनदार आहेत आणि त्यांना घाईने बाजूला सारू नये. पहिला असा की ज्याला विषयांची माहिती नाही, जो अफवांवर विश्वास ठेवतो, त्याने मतदान न करणेच समाजाच्या हिताचे आहे. काही राजकीय तत्त्वज्ञ हे गांभीर्याने मांडतात. त्यावर माझा एकच प्रश्न असतो: तुमच्या पक्षाच्या अशा समर्थकांना तुम्ही घरी राहायला सांगता का? कोणीही सांगत नाही. ही कसोटी केवळ विरोधकांना लावली की तिचे खरे स्वरूप उघड होते. शिवाय पात्रता ठरवण्याचा अधिकार कोणाच्या हाती जातो हेही पाहावे लागते. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत साक्षरता चाचण्या कागदोपत्री सर्वांसाठी होत्या, पण चाचणी घेणारा स्थानिक अधिकारी कृष्णवर्णीयांना नापास करी आणि तितक्याच शिकलेल्या गोऱ्यांना पुढे जाऊ देई. १९६५ च्या मतदान हक्क कायद्याने या चाचण्यांना आवर घालावा लागला.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. समोरची व्यक्ती ज्या पक्षाला मत देणार आहे तो पक्ष उघडपणे एखाद्या समुदायाचे हक्क काढून घेऊ पाहतो, कदाचित पुढच्या निवडणुकाच नकोत असे म्हणतो. तरीही तिला प्रोत्साहन द्यावे का? इथे मी कोणावर कर्तव्य लादत नाही. ज्याच्या हक्कांवर घाला येणार आहे त्याने स्वतःच्या विरोधातल्या मतासाठी मेहनत घ्यावी, अशी अपेक्षा करणे निष्ठुरपणाचे ठरेल. अशा वेळी गप्प राहणे मला पूर्णपणे समजते. रोखणे मात्र तेव्हाही चुकीचेच, आणि व्यवहारातही घातक आहे, कारण निवडणुकीवरचा विश्वास उडावा हेच अशा पक्षाला हवे असते आणि रोखलेला एकेक मतदार त्याच्या हाती पुरावा म्हणून पडतो. एवढी दक्षता घ्यावी की ‘हा पक्ष असाच आहे’ हा निष्कर्ष रागाच्या भरात काढलेला नसावा. प्रत्येक निवडणुकीत प्रत्येक विरोधक लोकशाहीचा शत्रू वाटू लागला, तर अपवादच नियम बनतो.

सांगायचे ठरवल्यावर कसे सांगायचे, यावर पुष्कळ काही अवलंबून आहे. मतदानाचे आवाहन आणि आपल्या पक्षाचा प्रचार एकाच संभाषणात करू नका. समोरच्याला लगेच वाटते की पहिले फक्त दुसऱ्यासाठी होते, आणि ते खरेही असते. ‘तुझे मत कोणाला जाणार हे मला माहीत आहे, मला ते पटत नाही, पण तू जावेस असे मला वाटते’ हे वाक्य मी लोकांना जसेच्या तसे म्हणायला सांगतो, कारण त्यात लपवलेले काही नाही. मग नुसता उपदेश न करता अडचण विचारा. न जाण्यामागे बहुधा तात्त्विक कारण नसते: नाव यादीत आहे की नाही हे ठाऊक नसते, घर बदललेले असते, ओळखपत्र सापडत नसते, त्या दिवशी कामावर सुटी मिळेल का याची धास्ती असते. भारतात लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५ब नुसार मतदाराला मतदानाच्या दिवशी पगारी सुटीचा हक्क आहे. ही एक गोष्ट सांगितल्यानेही माणूस निघू शकतो.

दबाव मात्र आणू नका. मिशिगन राज्यात २००६ मध्ये केलेल्या प्रयोगात ‘तुम्ही मतदान केले की नाही हे तुमच्या शेजाऱ्यांना कळवू’ अशी पत्रे पाठवली गेली, तेव्हा मतदान २९.७ वरून ३७.८ टक्क्यांवर गेले. उपाय परिणामकारक आहे, तरी मी तो वापरत नाही, आणि विरोधी मताच्या माणसावर तर मुळीच वापरू नये. त्याला ती पाळत वाटेल. काही माणसे विचारपूर्वक मतदान टाळतात, श्रद्धेमुळे किंवा निषेध म्हणून. भारतीय कायद्यात निवडणूकविषयक हक्काची व्याख्या करतानाच मत देण्याबरोबर मत न देण्याचाही उल्लेख आहे, आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय यंत्रावर देण्याचा आदेश दिला. नाराज माणसाला हा पर्याय सांगावा. त्याउपरही तो नको म्हणाला तर एकदा विचारून थांबावे.

मदत करताना तुमची भूमिका कोणती हे लक्षात असू द्या. ब्रिटन-अमेरिकेत पक्षांनी मतदारांना गाडीतून केंद्रावर नेणे नित्याचे आहे. भारतात उमेदवाराने, त्याच्या प्रतिनिधीने किंवा त्यांच्या संमतीने इतर कोणी मतदारांची मोफत ने-आण करण्यासाठी वाहन ठरवणे हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(५) खाली भ्रष्ट आचार ठरतो. म्हणून तुम्ही एखाद्या उमेदवाराच्या प्रचारात असाल तर शेजारच्या आजोबांना गाडीत बसवण्याआधी विचार करा, मग ते कोणत्याही बाजूचे असोत. त्यांच्याबरोबर चालत जाण्याला कसलीच आडकाठी नाही.

आणि हे संभाषण लवकर करा. बहुतेक लोक ते मतदानाच्या आदल्या दिवशी करतात, तोवर ज्याचे नाव यादीत नाही त्याच्यासाठी काहीच करता येत नाही. भारतात उमेदवारी अर्ज भरण्याची मुदत संपली की त्या निवडणुकीपुरती यादीत नवी नावे येत नाहीत, आणि नोंदणीच्या अर्जाची छाननी व्हायची असल्याने प्रत्यक्षात त्या मुदतीच्याही काही दिवस आधी तो द्यावा लागतो. ब्रिटनमध्ये मतदानाच्या बारा कामकाजी दिवस आधी नोंदणी थांबते, आणि अमेरिकेतील काही राज्यांत तीस दिवस आधी. पुढच्या निवडणुकीच्या तारखा जाहीर होण्याआधीच मित्राला एवढेच विचारा की यादीत तुझे नाव पाहिलेस का, आणि पाहिले नसेल तर त्याच्या शेजारी बसून पाहा.